परदेशातून आशियाई चित्रपटांच्या डिस्क मागवताना: नव्याने सुरुवात करणाऱ्यांसाठी

परदेशी दुकानाच्या संकेतस्थळावर डिस्कच्या फोटोखाली जो आकडा दिसतो, ती त्या डिस्कची किंमत नसते. त्यात टपालखर्च मिळवायचा, तुमच्या देशातला कर मिळवायचा, चलन बदलताना बँकेने कापलेले पैसे मिळवायचे. एवढं करून ती डिस्क तुमच्या प्लेअरवर चालली आणि सबटायटल्स तुम्हाला वाचता आली, तरच खरेदी झाली म्हणायची. नाही तर फुकट मिळाली तरी महागच.

हाँगकाँग, जपान, कोरिया, तैवानचे चित्रपट डिस्कवर जमवायला नुकतीच सुरुवात केलेल्यांचा एक ठाम समज असतो: जपानी चित्रपट जपानमधून घेतला की स्वस्त पडणार आणि हाँगकाँगचा हाँगकाँगमधून. मला हे फारसं पटत नाही. कमी खर्चात चांगला संग्रह करायचा असेल तर बहुतेक खरेदी ब्रिटन आणि अमेरिकेतल्या छोट्या लेबलांकडून, म्हणजे डिस्क काढणाऱ्या कंपन्यांकडून, करावी आणि जे तिथे मिळतच नाही तेवढंच आशियातून मागवावं. असं का, ते पुढे येईलच. पण आधी घरातला प्लेअर.

पहिली पायरी: तुमचा प्लेअर काय वाजवतो ते बघा

डिस्कवर रीजन कोड असतो. चित्रपटाचे हक्क देशादेशांत वेगवेगळ्या कंपन्यांकडे असतात आणि एकाची डिस्क दुसऱ्याच्या बाजारात शिरू नये म्हणून ही कुंपणं घातलेली आहेत. डीव्हीडीसाठी जगाचे सहा तुकडे आहेत. अमेरिका आणि कॅनडा १, जपान आणि पश्चिम युरोप २, हाँगकाँग, तैवान, दक्षिण कोरिया आणि आग्नेय आशिया ३, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड आणि लॅटिन अमेरिका ४, रशिया, भारतीय उपखंड आणि आफ्रिकेचा मोठा भाग ५, चीन ६. ज्या डिस्कवर शून्य किंवा ‘ऑल’ लिहिलेलं असतं ती कुठेही चालते.

ब्लू-रेला मात्र तीनच विभाग आहेत, आणि आपल्या कामासाठी ही वाटणी फार सोयीची आहे. ‘ए’मध्ये उत्तर व दक्षिण अमेरिकेबरोबर जपान, कोरिया, तैवान, हाँगकाँग आणि आग्नेय आशियाही येतो. ‘बी’मध्ये युरोप, आफ्रिका, मध्यपूर्व, ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड. ‘सी’मध्ये चीन, रशिया, भारत आणि आसपासचे देश. म्हणजे ‘ए’ चालवणारा प्लेअर हाताशी असेल तर अमेरिकी लेबलांपासून सोलपर्यंतचा जवळपास सगळा बाजार खुला होतो. ४के अल्ट्रा एचडी डिस्कना रीजनचं बंधनच नाही. पण ४केच्या डब्यात सोबत दिलेली साधी ब्लू-रे डिस्क रीजनबंद असू शकते आणि पुरवणी माहितीपट, मुलाखती पुष्कळदा त्याच डिस्कवर असतात. हे बारीक अक्षरात लिहिलेलं असतं, म्हणून सांगितलं.

डीव्हीडी प्लेअरचं कुंपण उडवणं सहसा सोपं असतं. बऱ्याच मॉडेलना रिमोटवरून ठरावीक आकडे दाबले की ते सगळे रीजन वाचू लागतात. व्हिडिओहेल्प या संकेतस्थळावर अशा युक्त्यांची मॉडेलनिहाय यादी आहे. ब्लू-रे प्लेअरचं तसं नाही. तिथे बहुतेक वेळा आतल्या सर्किटमध्येच बदल करावा लागतो, आणि असे बदल करून दिलेले ‘मल्टिरीजन’ प्लेअर विकणारे खास दुकानदार असतात. असा प्लेअर महाग वाटतो खरा, पण वर्षाला दहा-पंधरा डिस्क घेणार असाल तर तो आधी घ्या. केवळ रीजन जुळत नाही म्हणून तीच डिस्क दुप्पट भावाने घेण्याची वेळ तो वाचवतो. फक्त घेताना विक्रेत्याला एवढं स्पष्ट विचारा: ब्लू-रेचे ए, बी, सी तिन्ही चालतात ना? कारण ‘मल्टिरीजन’ची पाटी पुष्कळदा फक्त डीव्हीडीपुरतीच खरी असते.

संगणकावर बघणार असाल तर डीव्हीडी ड्राइव्हचा रीजन पाचच वेळा बदलता येतो; पाचव्यांदा जो ठेवाल तो कायमचा. ब्लू-रेचा रीजन ड्राइव्ह तपासत नाही, चित्रपट दाखवणारं सॉफ्टवेअर तपासतं.

जाता जाता पाल आणि एनटीएससी या टीव्हीवरच्या चित्राच्या दोन पद्धतींबद्दल. जपान, कोरिया, तैवान, अमेरिका एनटीएससीवाले. हाँगकाँग, चीन आणि युरोप पालवाले. हाँगकाँगच्या पुष्कळ डीव्हीडी मात्र एनटीएससीतच निघाल्या. पाल डीव्हीडीवर चित्रपट सेकंदाला २४ ऐवजी २५ चौकटींनी पळतो, म्हणून तो सुमारे चार टक्के लवकर संपतो. दोन आवृत्त्यांची लांबी वेगळी दिसली की लगेच ‘कापलेला आहे’ असं समजू नका. आधी हा हिशेब करा. १०० मिनिटांचा चित्रपट पालवर ९६ मिनिटांचा होतो.

दुसरी पायरी: कोणत्या देशाची आवृत्ती

एकाच चित्रपटाच्या पाच-सहा देशांतल्या डिस्क असतात आणि त्यांच्यात फरकही पुष्कळ असतो. खरेदीतला खरा वेळ इथे घालवा.

जपानी डिस्क देखण्या असतात. डब्याला कागदी पट्टी, ज्याला तिथे ओबी म्हणतात, आत पुस्तिका, छपाई निगुतीची. पण नव्या ब्लू-रेची छापील किंमत चार-पाच हजार येनांच्या घरात जाणं तिथे नेहमीचं आहे, आणि इंग्रजी सबटायटल्स क्वचितच असतात. ॲनिमेशनपट काढणाऱ्या स्टुडिओ जिब्लीच्या जपानी ब्लू-रे हा ठळक अपवाद. त्यांवर इंग्रजीसह अनेक भाषा असतात. जपानी येत नसेल तर जपानी डिस्क अगदी शेवटी, दुसरा पर्याय उरला नाही की.

हाँगकाँगचं उलट. तिथे चित्रपटगृहातही चिनी आणि इंग्रजी अशी दुहेरी सबटायटल्स दाखवण्याची जुनी पद्धत आहे, त्यामुळे डिस्कवर इंग्रजी जवळजवळ हमखास असतं. डीव्हीडी रीजन ३ किंवा ऑल, ब्लू-रे ‘ए’. अडचण चित्राच्या दर्जाची. २००० सालाच्या आगेमागे निघालेल्या अनेक हाँगकाँग डीव्हीडी ॲनामॉर्फिक नाहीत, म्हणजे आजच्या रुंद पडद्यावर चित्र चारी बाजूंनी काळ्या चौकटीत अडकून छोटंसं दिसतं. काही चित्रपट आजही फक्त त्याच रूपात मिळतात. तेवढ्यासाठी ते सोसावं, एरवी नाही.

हाँगकाँगच्या जुन्या मालात व्हीसीडीही भरपूर दिसतात आणि फार स्वस्त असतात. त्यांना रीजन कोड नसतो, चित्रपट दोन डिस्कवर तुटलेला असतो, सबटायटल्स चित्रातच छापलेली असतात आणि चित्र जुन्या व्हिडिओ कॅसेटच्या तोलाचं. एखादा विसरलेला विनोदी चित्रपट केवळ व्हीसीडीवरच आहे असं होतं. तेव्हाच घ्या.

कोरियात कोरियन चित्रपटाच्या डिस्कवर सहसा इंग्रजी सबटायटल्स असतात. कोरियन फिल्म आर्काइव्ह जुने अभिजात चित्रपट दुरुस्त करून पुस्तिकेसह काढतं आणि त्या डिस्कवर इंग्रजी असतं. याच संस्थेने आपले बरेच जुने चित्रपट इंग्रजी सबटायटल्ससह यूट्यूबवर मोफतही ठेवले आहेत, तेव्हा डिस्कला पैसे घालण्याआधी तिथे एकदा डोकावा. पण एक सापळा लक्षात ठेवा. कोरियात निघालेल्या जपानी किंवा हाँगकाँगच्या चित्रपटाच्या डिस्कवर बहुधा फक्त कोरियन सबटायटल्स असतात. भाव बघून हुरळून जाऊ नका. प्लेन आर्काइव्ह, नोव्हा मीडिया यांसारख्या लेबलांच्या मर्यादित आवृत्त्याही तिथल्याच: स्टीलबुक म्हणजे पत्र्याचा डबा, पूर्ण आवरण, हलवलं की बदलणारं लेंटिक्युलर चित्र, आणि तिन्ही एकत्र असलेला संच. आतली डिस्क तीच असते. वेष्टणाचा नाद असेल तर खुशाल घ्या. पण चित्रपट बघायचा असेल तर सर्वांत साधी आवृत्ती निवडा.

तैवानच्या डिस्कवर पारंपरिक चिनी सबटायटल्स नक्की, इंग्रजीची खात्री नाही. चीनच्या डिस्कचंही तसंच. थायलंड आणि इंडोनेशियाच्या स्थानिक डिस्कवर इंग्रजी आहे का, ते प्रत्येक वेळी तपासावं लागतं.

आता ब्रिटन आणि अमेरिका. ब्रिटनमध्ये युरेका, ॲरो, ८८ फिल्म्स, रेडियन्स, जपानी चित्रपटांसाठी थर्ड विंडो, शिवाय ब्रिटिश फिल्म इन्स्टिट्यूट. अमेरिकेत क्रायटेरियन, वेल गो, शाउट. यांच्याकडे सबटायटल्स इंग्रजीच असतात, चित्र पुष्कळदा नव्याने दुरुस्त केलेलं असतं, अभ्यासकांची टिप्पणी असते, आणि मुख्य म्हणजे हे लोक वर्षातून अनेकदा सेल लावतात. क्रायटेरियनच्या डिस्क बार्न्स अँड नोबल या अमेरिकी साखळी दुकानात बऱ्याच वर्षांपासून जुलै आणि नोव्हेंबरमध्ये निम्म्या किमतीला मिळत आल्या आहेत. जपानमध्ये एका डिस्कला जे पडतात त्यात सेलमधल्या दोन डिस्क येतात, त्याही वाचता येणाऱ्या सबटायटल्ससह. ब्रिटिश डिस्क बहुधा ‘बी’ असतात. काहींवर ‘ए’ आणि ‘बी’ दोन्ही. हे लेबलवरून ठरत नाही, डिस्कवरून ठरतं.

युरोपातल्या इतर देशांच्या डिस्क दिसायला छान आणि भाव बरा असला तरी जपून. फ्रेंच डिस्कवर बहुधा फक्त फ्रेंच सबटायटल्स असतात आणि काही डिस्कवर मूळ भाषा निवडली की ती बंदही करता येत नाहीत. जर्मन डिस्कवर जर्मन डबिंग आणि जर्मन सबटायटल्स. इंग्रजी मिळणं नशिबावर.

तिसरी पायरी: आत काय आहे ते तपासा

ब्लू-रे डॉट कॉमवर आवृत्तीनुसार रीजन, ध्वनी आणि सबटायटल्स यांची नोंद मिळते. डीव्हीडीकंपेअर हे संकेतस्थळ एकाच चित्रपटाच्या देशोदेशीच्या आवृत्त्या शेजारी ठेवून कुठे काय कापलंय ते सांगतं. चित्राच्या दर्जाची तुलना करायला डीव्हीडीबीव्हरवर चौकटींचे फोटो असतात. दुकानाच्या पानावर लिहिलेलं आणि इथे लिहिलेलं जुळत नसेल तर दुकानावर विश्वास ठेवू नका; दुकानदार पुष्कळदा वितरकाने पाठवलेली माहिती तशीच चिकटवतात.

तपासताना तीन गोष्टी बघा. पहिली, सबटायटल्स मूळ संवादांचं भाषांतर आहे की इंग्रजी डबिंगचीच उतरलेली नक्कल. या दुसऱ्या प्रकाराला जाणकार डबटायटल म्हणतात. कुंगफूपटांत तो फार आढळतो आणि त्यात पात्रं मूळ संवादांशी संबंध नसलेलं भलतंच बोलतात. दुसरी, आवाज. हाँगकाँगचे बरेचसे जुने चित्रपट चित्रीकरणाच्या वेळी आवाज न घेता नंतर डब केलेले आहेत, त्यामुळे कँटोनीज आणि मँडरिन या दोन चिनी भाषांतला ‘मूळ’ ट्रॅक कोणता, हा प्रश्न प्रत्येक चित्रपटाला नव्याने विचारावा लागतो. शिवाय पुनर्प्रकाशनाच्या वेळी काही कंपन्यांनी मूळ मोनो (एकाच वाहिनीचा) ध्वनी काढून ५.१ (अनेक स्पीकरांसाठीचा) रीमिक्स घातला, त्यात ठोशांचे आणि तलवारींचे आवाज नवीन भरले. डिस्कवर मोनो आहे का ते बघाच.

तिसरी, कात्री. ब्रिटनमध्ये १९३७ चा एक कायदा आहे, ज्यानुसार चित्रीकरणासाठी प्राण्यांशी क्रूरपणे वागलेलं दृश्य दाखवता येत नाही. घोडे पाडण्याची किंवा साप मारण्याची खरी दृश्यं असलेले आशियाई चित्रपट तिथे त्यामुळे कापले गेले आहेत. तोच चित्रपट अमेरिकी डिस्कवर अखंड असू शकतो. आपल्या शेवटच्या निवडीत ब्रिटिश डिस्क असेल तर डीव्हीडीकंपेअरवर हे नक्की बघा.

चौथी पायरी: दुकान

हाँगकाँगचं यसएशिया हे नवख्यांना सर्वांत सोपं. इंग्रजीत पान, त्यावर रीजन आणि सबटायटल्सचा स्पष्ट उल्लेख, आणि हाँगकाँगबरोबरच जपान, कोरिया, तैवानच्या डिस्कही एकाच टोपलीत. भाव नेहमीच सर्वांत कमी असतात असं नाही, पण चार देशांचा माल एका पार्सलात येतो, हा फायदा टपालात वसूल होतो. जपानसाठी सीडीजपान इंग्रजीत चालतं. जपानी ॲमेझॉनही काही डिस्क परदेशी पाठवतं, आणि परदेशी पत्ता टाकला की तिथला दहा टक्के उपभोग कर सहसा वजा होतो. ब्रिटनमधून घेताना हाच हिशेब वीस टक्क्यांचा. ब्रिटिश संकेतस्थळावर जी किंमत दिसते तीत व्हॅट धरलेला असतो. देशाबाहेर पाठवताना मोठी दुकानं तो काढून टाकतात, छोटी पुष्कळदा काढत नाहीत. म्हणून तुलना करताना पानावरची किंमत बघू नका, पत्ता भरून शेवटच्या पानापर्यंत जा. पैसे भरण्याआधी मागे फिरायला कोणी अडवत नाही.

जपानमधल्या ज्या दुकानांना किंवा लिलावांना परदेशी गिऱ्हाईक चालत नाही, त्यांच्यासाठी मध्यस्थ सेवा असतात: बायी, झेनमार्केट, फ्रॉम जपान. तुमच्या वतीने ते वस्तू घेतात, आपल्या गोदामात ठेवतात, पाच-सहा जमल्या की एका पेटीत भरून पाठवतात. यात सेवाशुल्क, जपानमधलं स्थानिक टपाल, एकत्र बांधणीचं शुल्क आणि मग परदेशी टपाल असे चार थर चढतात. एका डिस्कसाठी हे मुळीच परवडत नाही. दहा जुन्या डिस्क एकदम घेत असाल तर मात्र याच्यासारखं स्वस्त काही नाही.

शोधण्याची एक युक्ती. आशियाई चित्रपटांची इंग्रजी नावं देशागणिक बदलतात, म्हणून मूळ लिपीतलं नाव विकिपीडियावरून उचला आणि तेच दुकानाच्या शोधचौकटीत चिकटवा. आवृत्ती पक्की झाली असेल तर नावाऐवजी बारकोडचा आकडा शोधा. जुन्या मालाच्या जाहिरातीत देश लिहिलेला नसला तरी बारकोडवरून तो बहुधा कळतो. जपानचा ४५ किंवा ४९ ने सुरू होतो (पण ४८९ असेल तर हाँगकाँग), कोरियाचा ८८०, तैवानचा ४७१, चीनचा ६९०पासून ६९९पर्यंत, ब्रिटनचा ५०. विक्रेत्याने मागच्या बाजूचा फोटो टाकला नसेल तर मागून घ्या.

पाचवी पायरी: टपालाचं गणित

समजा डिस्क १५ डॉलरची आहे आणि एका डिस्कचं टपाल १० डॉलर. म्हणजे ती २५ ला पडली. अशाच पाच डिस्क एकत्र मागवल्या आणि टपाल १८ झालं, तर एकूण ९३, म्हणजे प्रत्येकी साडेअठराच्या आसपास. किमतीत तीन-चार डॉलर वाचवायला दुकानं पालथी घालणारे हा जवळपास साडेसहा डॉलरचा फरक सोडून देतात. तेव्हा हवी असलेली डिस्क दिसली की लगेच न घेता यादीत टाकायची सवय लावा. यादी पाच-सहापर्यंत गेली, सेल आला, की एकदम मागवायचं.

डब्यासह ब्लू-रेचं वजन १०० ग्रॅमच्या आसपास असतं. सरकारी टपालाचं छोटं आंतरराष्ट्रीय पाकीट २ किलोपर्यंत जातं, म्हणजे बांधणी धरून पंधराएक डिस्क त्यात बसतात. हे साधन हळू पण स्वस्त. नोंदणी आणि माग काढायची सोय घेतलीच पाहिजे, त्याचे थोडे पैसे जास्त पडले तरी. कुरिअरवाले वजनापेक्षा आकारमान बघतात: लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणून ५००० ने भागायची, आणि खऱ्या वजनापेक्षा हा आकडा मोठा असेल तर पैसे त्याचे लागतात. ३० बाय २० बाय १५ च्या खोक्यात सहाच डिस्क असल्या तरी ते १.८ किलो धरलं जातं. दुकान मोठ्या खोक्यात फुगे भरून पाठवणारं असेल तर त्या हवेचे पैसे तुम्हीच भरता.

‘अमुक रकमेवर टपाल मोफत’ या पाटीकडे संशयाने बघा. ती रक्कम गाठण्यासाठी नको असलेली तिसरी डिस्क घेतली, की मोफत टपालाची किंमत ती डिस्क. आणखी एक: टोपलीत अजून प्रकाशित न झालेली डिस्क घातली तर बरीच दुकानं ती येईपर्यंत सगळी ऑर्डर अडवून ठेवतात. पूर्वनोंदणी नेहमी वेगळी करावी.

बॉक्स सेटचं गणित थोडं वेगळं. ॲरोने २०२१ च्या शेवटी हाँगकाँगच्या शॉ ब्रदर्स स्टुडिओच्या चित्रपटांचा शॉस्कोप नावाचा पहिला संच काढला, त्यात १२ चित्रपट आहेत. रक्कम बघून छाती दडपते, पण बाराने भागली की एकेका चित्रपटाचा भाव सुट्या डिस्कपेक्षा खूप खाली येतो. मात्र संच जड असतात, वजन आणि कर दोन्ही एकदम अंगावर येतात. आणि बारातले तीनच बघायचे असतील तर भागाकार तीनने करायचा, बाराने नाही.

सहावी पायरी: कर आणि कार्ड

छोट्या पार्सलांवरची करमाफी बऱ्याच देशांनी गेल्या काही वर्षांत काढून टाकली आहे. ऑस्ट्रेलियाने जुलै २०१८ पासून कमी किमतीच्या मालावरही दहा टक्के कर लावला. ब्रिटनने जानेवारी २०२१ मध्ये १५ पौंडांपर्यंतची सूट काढली आणि १३५ पौंडांपर्यंतच्या मालाचा व्हॅट विक्रीच्याच वेळी घ्यायला सुरुवात केली. युरोपीय संघाची २२ युरोंपर्यंतची सूट जुलै २०२१ मध्ये गेली. अमेरिकेची ८०० डॉलरपर्यंतची सवलत ऑगस्ट २०२५ च्या अखेरीस बंद झाली. जुन्या सल्ल्यांतले ‘इतक्यापर्यंत कर लागत नाही’ हे आकडे म्हणूनच धरून चालू नका. आपल्या देशाच्या सीमाशुल्क खात्याचं पान उघडा आणि करमाफीची मर्यादा, कराचा दर, तो टपालखर्चासकट लागतो की फक्त मालावर, एवढं टिपून ठेवा.

दुकान विक्रीच्या वेळीच तुमच्या देशाचा कर घेत असेल तर ते सोयीचं. नाही तर तो दारात भरावा लागतो, आणि कुरिअर कंपन्या तुमच्या वतीने कर भरल्याचं वेगळं शुल्क लावतात. छोट्या पार्सलात हे शुल्क करापेक्षाही मोठं असू शकतं. त्यामुळे कर दारात लागणार असेल तर बहुधा सरकारी टपाल बरं. पाकिटावर ‘भेटवस्तू’ लिहायला किंवा किंमत कमी दाखवायला विक्रेत्याला सांगू नका. ते बेकायदा तर आहेच, शिवाय पार्सल हरवलं तर भरपाई त्या खोट्या किमतीचीच मिळते.

पैसे भरताना संकेतस्थळ विचारतं, तुमच्या चलनात भरणार का? नाही म्हणा. दुकानाच्याच चलनात भरा आणि बदल तुमच्या बँकेला करू द्या. त्या सोयीच्या नावाखाली दिलेला दर जवळजवळ नेहमीच वाईट असतो. पेपाल वापरलंत तर तिथेही चलनबदल कोणी करायचा हे निवडता येतं, फक्त ती निवड आत दडलेली असते. अनोळखी विक्रेत्याकडून घेताना पेपाल बरं, कारण तक्रार करायला १८० दिवस मिळतात आणि उशिरा येणाऱ्या टपालाला तेवढे लागू शकतात.

जुना माल आणि नकली माल

वापरलेल्या डिस्कमध्ये खरी बचत आहे. जपानी गिऱ्हाइकं वस्तू जपून वापरतात आणि तिथले विक्रेते बारीकसा ओरखडाही लिहून ठेवतात. मात्र वर्णनात ‘रेंटल ओची’ असेल तर ती भाड्याने देणाऱ्या दुकानातून निघालेली डिस्क: स्वस्त, पण मूळ डबा बहुधा नाही, चिकटपट्ट्या आणि ओरखडे हमखास.

बाजारातून गेलेल्या डिस्कचे भाव गगनाला भिडलेले असतात. अशा वेळी थांबावं. हाँगकाँगच्या गोल्डन प्रिन्सेस कंपनीचे चित्रपट, ज्यात दिग्दर्शक जॉन वूचे गाजलेले मारधाडपटही आहेत, बऱ्याच देशांत धडपणे मिळतच नव्हते आणि जुन्या डीव्हीडी अवाच्या सवा भावाने जात होत्या. जानेवारी २०२५ मध्ये त्यातल्या १५६ चित्रपटांचे हक्क शाउटने घेतल्याचं जाहीर झालं. त्याआधी महिनाभर जुनी डीव्हीडी घेणाऱ्याची अवस्था काय झाली असेल! नवी आवृत्ती येईलच असं नाही, पण हक्क कोणाकडे गेलेत याची थोडी चौकशी केल्याशिवाय मोठी रक्कम मोजू नये. ॲमेझॉनवरच्या मालाचा जुना भाव कीपा या संकेतस्थळावर दिसतो; आजचा ‘सेल’ खरा की नावापुरता, ते त्यावरून कळतं.

नकली मालाची लक्षणं ठरलेली आहेत. ॲनिमेची, म्हणजे जपानी ॲनिमेशनची, २५-२६ भागांची अख्खी मालिका एक-दोन डीव्हीडींवर कोंबलेली, रीजन ‘ऑल’, किंमत मूळ संचाच्या दहाव्या हिश्शाइतकी, वेष्टणावरचं इंग्रजी मोडकं आणि प्रकाशकाचं नाव कुठेच नाही, असं दिसलं की पुढे जा. डिस्कची मागची बाजू जांभळट असेल तर ती घरगुती पद्धतीने लिहिलेली असण्याची शक्यता मोठी. याला थोडा अपवाद आहे. काही अधिकृत कंपन्याही मागणीनुसार लिहिलेल्या डिस्क विकतात, पण त्या तसं सांगून विकतात.

पार्सल आल्यावर

उघडताना फोनवर चित्रण करा. डबा फुटलेला असेल तर तो बदलता येतो, साधे डबे सुटे मिळतात. डिस्क तडकलेली असेल तर लगेच विक्रेत्याला फोटो पाठवा. मधल्या भोकाभोवतीचे तडे पटकन दिसत नाहीत, उजेडात धरून बघा.

आणि चित्रपट महिन्यांनी बघणार असलात तरी डिस्क त्याच आठवड्यात लावून बघा. सुरुवात चालली म्हणजे सगळी चालली असं नाही. दोन थरांच्या डिस्कवर प्लेअरचा लेसर मध्यावर एका थरावरून दुसऱ्यावर जातो आणि सदोष डिस्क तिथेच अडकते, म्हणून मधली दहा मिनिटं आणि शेवटची पाच मिनिटं बघाच. सबटायटल्स चालू करून बघा, ध्वनीचे सगळे ट्रॅक बदलून बघा. पुरवणी चित्रफिती ५० हर्ट्झच्या, म्हणजे पाल पद्धतीच्या वेगाच्या, असतील तर काही प्लेअर त्या दाखवत नाहीत. तो डिस्कचा दोष नाही, त्यासाठी भांडू नका. खरा दोष निघाला तर काढलेला फोटो, ऑर्डरचा क्रमांक आणि कितव्या मिनिटाला डिस्क अडकते, एवढं एकाच पत्रात लिहा. बरेचसे विक्रेते परदेशातून सदोष डिस्क परत मागवण्यापेक्षा दुसरी पाठवणं किंवा पैसे परत करणं पसंत करतात, कारण परतीचं टपाल त्यांनाही परवडत नसतं.